माणसाच्या वर कोण

जाफराबाद,
बुधवार, १४ ऑगस्ट

चि. अक्षता हिला आईचा सप्रेम जय भीम, आणि पोटातल्या बाळाला दोन पापे.

इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मिथुन रोज सकाळी जीप घेऊन जालन्याला जातो. तुझा भाऊ आता सीटा भरायला शिकला, पण जेवायला शिकला नाही, डबा तसाच परत आणतो. तुला सातवा लागला. पाय सुजतात का? जावईबापूंना म्हणावं, घरात पाण्याचा हंडा तुम्ही उचला, बायको रत्नागिरीला समुद्रातलं शेवाळ मोजायच्या नोकरीला गेली म्हणून ती काही पैलवान नाही.

मे महिन्यात तू आली होतीस, तेव्हा बाजारात माझ्या सुकटीच्या दुकानावर बसलीस, ते दिवसभर आठवतंय. गिऱ्हाईक सोडून शाळाच भरवलीस तू. पोत्यावर जवळा, मांदेली, बोंबील असे ओळीनं मांडले आणि म्हणालीस, सगळ्यात खाली डोळ्याला न दिसणारं शेवाळ, त्याला बारके जीव खातात, त्यांना जवळा, जवळ्याला मांदेली, मांदेलीला बोंबील, त्याला मोठा मासा. खाडीतलं निराळं. तिथं तिवराची पानं गळून चिखलात कुजतात, त्यावर खेकडे आणि कोळंबी जगतात. आणि खोल समुद्रात ऊनच पोचत नाही, तिथले जीव वरून पडेल त्या उष्ट्यावर दिवस काढतात. मी म्हणाले, हे तर आपल्या आज्या-पणज्यांचंच सांगतेस. तू हसली नाहीस.

द्वारकाबाई सुकट घ्यायला म्हणून तिथंच उकिडवी बसली होती. तिनं विचारलं, "अन् माणूस कुठं गं बाई ह्याच्यात?" तू म्हणालीस, "सगळ्यात वर, मावशी. म्हणून खालच्याच्या अंगात चिमूटभर विष असलं, तर वर चढता चढता ते साठत जातं. वरच्याला सगळ्यात जास्त." द्वारकाबाई म्हणाली, "मंग आपुन खालीच बरे." सगळे हसले. मीही हसले.

आपली मांजर मेली, चिंगी. गेल्या सोमवारी. अंगणात गोल गोल फिरली, पाय थरथरले, तोंडाला फेस आला. मिथुन म्हणाला, "साप चावला असंल." मी हो म्हणाले. पण तिला साप चावला नव्हता, अक्षता. मला ठाऊक आहे.

आता लिहितेच. आषाढात हवा ओली होती, जवळ्याच्या पोत्यात काळे किडे झाले. मुठीत घेतला तर जवळा हलायचा. सगळा माल हातचा जाणार म्हणून मी घाबरले. तुझे बाबा जालन्याला बियाण्याच्या गोदामात हमाली करायचे, तेव्हाचा एक पत्र्याचा डबा माळ्यावर होता. त्यातली पांढरी पावडर आपण पेरायच्या ज्वारीला, तुरीला लावायचो. तू लहान असताना तुला त्या डब्याजवळ फिरकू देत नव्हते मी. बी मातीत जातं, पोटात नाही, एवढं मला कळत होतं. तरी मी मनाची समजूत घातली, की सुकट काय, लोक दोनदा धुऊनच शिजवतात. मूठभर पावडर फडक्यात बांधली आणि पोत्यात झटकली. तिसऱ्या दिवशी किडे मेले. मी स्वतःवर खूश झाले, हे पण लिहिते.

पोतं मी आढ्याला टांगलं होतं. चिंगीनं त्याला तोंड लावलं नाही. पण दोरीवरून उंदीर उतरायचे, आणि चिंगी उंदीर खायची. मला वाटायचं, बरंय, काम करते. तिची दोन पिल्लं अजून अंगावर पीत होती. त्यातलं एक त्याच गुरुवारी गेलं. त्यानं तर उंदीरही खाल्ला नव्हता. दुसरं आहे, पण मागचे पाय ओढत चालतं. त्याच्याकडं बघत मी खाली बसले ती मिथुन जेवायला येईपर्यंत उठले नाही.

तू माणूस सगळ्यात वर म्हणालीस. पण माणसाच्या वर आणखी एक पायरी असते की. बाईच्या पोटात असते.

तुला पाठवलेली जवळ्याची चटणी त्याच पोत्यातली आहे. तुझ्यासाठी म्हणून निवडून निवडून घेतलेला जवळा. आणि चटणीचा जवळा मी कधी धूत नाही. नुसता पाखडते आणि कोरडाच भाजते, धुतला की कुरकुरीत होत नाही. तुला कुरकुरीत आवडतो.

हे तुला सांगायला मी तीनदा फोन लावला. पहिल्या वेळी तू म्हणालीस, आई, भाकरीबरोबर रोज तुझीच चटणी खाते, दुसरं काही जात नाही. मी जावईबापूंची खुशाली विचारली आणि फोन ठेवला. दुसऱ्या वेळी म्हणाले, चटणी टाकून दे, तिला वास आलाय. तू म्हणालीस, इथं रत्नागिरीत बसून मला नाही आला, तुला जाफराबादेत कसा आला? आणि काल तू सहज बोललीस, की दोन दिवस बाळ गुमान आहे, लाथ मारत नाही, आजीसारखं नाही, शहाणं आहे. मी हसले. फोन ठेवला आणि चहा तसाच टाकून माळ्यावरून तो डबा खाली काढला.

आज सकाळी तो डबा पिशवीत घालून खताच्या दुकानात गेले. ज्वारीला लावायची म्हणून खोटंच विचारलं. दुकानदारानं झाकण उघडलं आणि लगेच लावलं. "मावशी, ही कुठून काढली? ही बंद होऊन जमाना झाला. बिलकुल हात लावू नका." मी म्हणाले, "अन् पोटात गेली तर?" तो म्हणाला, "कोनाच्या?" मी म्हणाले, "मांजरीच्या." माझ्या तोंडातून तुझं नाव निघालं नाही. खरं बोलले असते तर त्यानं काहीतरी उपाय सांगितला असता. मला भीती वाटली, ती त्याच्या उत्तराची. माझ्यासारखी भित्री बाई दुसरी नसेल.

तिथून द्वारकाबाईकडं गेले आणि तिला सगळं खरं सांगितलं. तिनं माझ्याकडून नेलेल्यातला उरलेला जवळा परत आणला. ती म्हणाली, "मला काय होऊन राह्यलं? लेकीला सांगितलंस का?" मी नाही म्हणाले. तिनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. म्हणाली, "जाय आधी. जल्दी जाय." बाजाराच्या दिवशी मी माल मांडणार नाही, नुसती उभी राहून ज्यांनी ज्यांनी नेला त्यांना सांगणार आहे. पुन्हा माझ्याकडं कोणी फिरकणार नाही. न फिरको.

तू आता चटणीचा घास खाऊ नकोस. बरणी फेकू नकोस, डॉक्टरला दाखव, आणि आईनं काय केलं ते सांग, लाजू नकोस माझ्यासाठी. बाळ दोन दिवस हललं नाही हे पण सांग. आजच जा. आणि काही झालं तरी बरणी खाडीत रिकामी करू नकोस, तिथंही कुणाची तरी लेकरं खातात.

पोस्टात विचारलं, तर म्हणे पत्र पोचायला चार-पाच दिवस. तेवढ्यात तुझी बरणी संपेल. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. तोंडानं सांगता येत नव्हतं, म्हणून आधी लिहून काढलं. आता फोन लावते आणि पहिल्या ओळीपासून वाचते. नको, पहिल्या नाही. "चटणीचा घास खाऊ नकोस" इथून वाचते. मध्ये माझा आवाज गेला तरी तू फोन ठेवू नकोस, अक्षता. मला काय बोलायचं ते बोल, पण आधी पोटावर हात ठेव आणि सांग, हललं का.

तुझी,
आई म्हणवून घ्यायला आज घाबरणारी,
बेबीनंदा