बीप ऐकू आला की बटण दाबा

३ मार्च, सोमवार

बाबा कानांच्या तपासणीत पास! गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या सगळ्यांना ती दरवर्षी करून घ्यावी लागते. माझी सुट्टी होती म्हणून बरोबर गेले. काचेची छोटी खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. तपासणाऱ्या बाई काचेपलीकडे. त्यांनी खुणेनं सांगितलं – बीप ऐकू आला की दाबायचं.

वीसपैकी अठरा वेळा दाबलं. बाई खूश. मी नाही. बाबा बीप ऐकतच नव्हते. मशीनची कळ दाबताना बाईंचा उजवा खांदा जरासा हलतो, बाबा तो बघत होते. मला बाहेरच्या बाकावरून दिसला, मग त्यांना दिसणारच.

रस्त्यात विचारलं तर म्हणाले, निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, तू गप्प बस. शिवाय गोदामात खोकी उचलायची असतात, बीप नाही.

४ मार्च

दिवसभर दुकानात बिलाच्या काउंटरवर ‘बीप’ हाच शब्द डोक्यात. एक बीप – वस्तू नोंदली. लागोपाठ दोन – तीच वस्तू दोनदा नोंदली, एक रद्द करा. लांबलचक बीप – मशीनला काही कळलेलं नाही, साहेबांना हाक मारा. तेरा वर्षं मी हीच भाषा बोलतेय. इंग्रजीतून आलेला एवढासा शब्द, त्याला मराठीत काय म्हणायचं हे कधी कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. आवाज आहे तसाच तोंडात बसला.

७ मार्च

बाबांच्या शर्टाची कॉलर उसवलेली. का, तर मागे येणारा ट्रक त्यांना कळला नाही. हमालानं कॉलर धरून ओढलं म्हणून वाचले. जेवताना गंमत म्हणून सांगत होते – कॉलर नवीन होती हो!

ट्रक मागे घेताना बीप-बीप करून नुसता ओरडत असतो. शंभर पावलांवरून ऐकू येतो.

कॉलर शिवली. दोनदा सुई टोचली.

८ मार्च

फोन केला. तपासणाऱ्या बाई जागेवर नव्हत्या. ‘बीपनंतर आपला निरोप ठेवा.’ बीप झाला आणि मी फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावला. खांद्याचं सगळं सांगितलं. नाव सांगितलं, नातंही सांगितलं. बाबांना कळू देऊ नका म्हणायचं राहूनच गेलं, मध्येच फोन तुटला.

९ मार्च

ताट अर्धंच टाकून उठले. बाबांना वाटलं, डोकं दुखतंय. बराच वेळ चेपत बसले. मी नको म्हटलं, पण त्यांना ऐकू आलं नाही.

१३ मार्च

बाबांना पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. मी कामावर होते. वीसपैकी तीन.

फोर्कलिफ्ट गेली. सोमवारपासून फाटकाशी टेबल, आत-बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद. सव्वीस वर्षं त्या गाडीवर! घरी येऊन बूट पुसत बसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

संध्याकाळी त्यांचे गोदामातले जोडीदार आले. कुणीतरी चुगली केली असणार, नाहीतर पास झालेल्या माणसाला परत कोण बोलावतं, असं म्हणाले. मी चहा ठेवायला आत गेले आणि तिथेच उभी राहिले. बाबांनी विषय बदलला.

२४ मार्च

कानाचं यंत्र मिळालं. घरात एकच धमाल. फ्रिजचं दार उघडं राहिलं – बीप. “हा कोण?” कपडे धुवून झाले – तीन बीप. “आणि हा?” माझा मोबाइल चार्जिंगला लावला, तोही बोलला. शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “घरात एवढे जण राहतात आणि मला कुणी सांगितलं नाही.”

टीव्हीवर भांडण चाललं होतं. शिवी आली की बीप. बाबा हिरमुसले. इतकी वर्षं ओठ बघून त्यांना सगळ्या शिव्या नीट कळत होत्या. ऐकू यायला लागल्यावर त्या झाकल्या जातात हा काय न्याय, म्हणे. खूप दिवसांनी हसलो दोघं.

हसताना मला रडू आलं. त्यांना वाटलं, हसण्याचंच पाणी.

२९ मार्च

दुकानात आले! माझ्याच रांगेत, हातात एक साबण. बीप. पुन्हा कर म्हणाले. मी पुन्हा फिरवला. मागची बाई घड्याळ बघायला लागली. अजून एकदा. मग दोन साबण रद्द करावे लागले.

जाताना एवढंच म्हणाले, “तेरा वर्षं तू हे ऐकतेस होय?” आणि माझ्या हातावर हात ठेवला. सगळ्यांसमोर.

आता सांगायलाच हवं.

३१ मार्च

सांगितलं. फोन मी केला होता.

बाबा नखं कापत होते. मान वर न करता म्हणाले, “ठाऊक आहे. बाईंनी तपासणीआधीच विचारलं. तुमची मुलगी असं असं म्हणते, खरं आहे का?”

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

“म्हटलं, माझी मुलगी खोटं बोलत नाही. पुन्हा घ्या. आणि या वेळी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवा.”