दीपपालाचं शेवटचं वाक्य

५ मार्च

टक्, टक्, टक्-टक्... नळ ठिबकत होता, पण मला ऐकू आली ती मिस हाव्रिलुक यांची छडी! लाकडी जमिनीवर त्या ताल धरायच्या, शेगडीत ओंडके तडतडायचे, आणि आम्ही सगळी पोरं, पहिलीपासून आठवीपर्यंत एकाच खोलीतली, जहाजाची कविता एका सुरात म्हणायचो. पुस्तकाचं शेवटचं पान कुणीतरी फाडलं होतं. जहाज परत आलं की बुडालं? मधल्या सुट्टीत बर्फात मारामाऱ्या व्हायच्या त्यावरून. मिसना विचारलं की म्हणायच्या, "तुम्हीच ठरवा."

मी परत आणायचो. दर वेळी.

७ मार्च

कॅलगरीहून नातीचा, डार्काचा, फोन. हॅलो नाही, काही नाही.

"आजोबा, काय करून बसलात हे!"

"काय केलं बाई?"

"दिवा मालवलात!"

मग उलगडलं. 'दूरचा किनारा'चा तिसरा भाग कालच दुकानात आला. रेडिओवर जन्मभर गव्हाचे भाव आणि हवामान वाचलं. म्हातारपणी या व्हिडिओ गेमनं मला आवाजापुरतं दीपपाल केलं. एका काळोख्या ग्रहावर दिवा राखणारा म्हातारा. कप्तान, म्हणजे खेळणारा, अंतराळातून कितीही मार खाऊन आला तरी मी म्हणायचं, "आलात? या, हात शेका." बस, एवढंच काम.

मी खेळ कधी पाहिलेला नाही. काचेच्या खोलीत एकट्यानं उभं राहायचं, समोर सुटी वाक्यं. मागचंपुढचं कुणी सांगत नाही. बाहेर फुटेल म्हणून.

"शेवटी तीन कळा आहेत आजोबा. लाल, हिरवी, निळी. कुठलीही ओढा, दिवा विझतोच! आणि तिन्ही वेळा तुम्ही तेच म्हणता."

आठवलं. 'आता दिवा मालवतो. तुम्ही निघा.' आवाज मुद्रित करून घेणाऱ्या मॅडलीननं ते तीनदा वाचून घेतलं होतं. एकदा थकून, एकदा रागानं, एकदा हसून. "का गं?" विचारलं, तर काचेपलीकडून म्हणाली, "वाचा हो. आणि शाळेसारखं गाऊ नका."

मला वाटलं, रात्र झाली म्हणून म्हातारा दिवा मालवतोय. झोपायला चाललाय.

तो सगळ्यांचा शेवट होता, आणि मला ठाऊक नव्हतं!

८ मार्च

डार्काच्या सांगण्यावरून संगणकावर लोकांचं लिहिणं वाचत बसलो. दुपारचं जेवण राहिलं. केवढे लोक! कुणी म्हणतो, इतकी वर्षं खेळातल्या एकेकाला मी जपलं, त्याचं काहीच नाही? एक नर्सबाई लिहिते, रात्रपाळी संपली की मी फक्त दिव्यापाशी जायचे, पुढं खेळायचेच नाही. फक्त ते दोन शब्द ऐकायला.

माझे शब्द. आणि मी ते बोलून, मफलर गुंडाळून, बसनं घरी येत होतो!

एकानं लिहिलंय: 'म्हातारा शेवटचं वाक्य असं वाचतो जणू त्याला काहीच पडलेलं नाही.'

हे लागलं. खरं आहे का? माझ्या वाचण्यानंच शेवट मेला का?

९ मार्च

मॅडलीनला फोन केला. ते वाक्य पुन्हा वाचू दे म्हणालो. "तुम्ही कुणाशी एक शब्द बोलू नका," एवढंच म्हणाली.

१० मार्च

गेलो! राहवलं नाही. गेम काढणाऱ्या कंपनीच्या फाटकाशी लोक जमलेत असं बातम्यांत होतं. कानटोपी, मफलर नाकापर्यंत. तोंड उघडलं तर ओळखतील ही धास्ती.

काय ते दृश्य! बर्फात कंदील रोवलेले, लाल, हिरवे, निळे, पार कोपऱ्यापर्यंत. घोषणा नाहीत. शाळेत कविता संपल्यावर व्हायची तशी शांतता. एका दाढीवाल्यानं पायरीवर जांभळ्या मुरंब्याच्या तीन बरण्या मांडल्या होत्या, तीन रंगांची झाकणं लावून.

"चाखा आजोबा. तिन्हींत तेच आहे!"

सगळे हसले. मी नुसती मान हलवली.

"आजोबा मुके आहेत का रे?"

"नाही रे, शेवट बघून वाचा गेलीय."

पुन्हा हशा. मीही मफलरमध्ये हसलो. मग कुणीतरी माझ्या हातात कंदील दिला, आणि माझे डोळे भरले. आम्ही दहा-बारा पोरं एका फाटलेल्या पानासाठी भांडायचो. इथं अख्खं गाव फाटलेल्या पानापाशी उभं होतं!

शेजारी एक बाई होती. डोक्यावरून कोटाची टोपी ओढलेली, तीही माझ्यासारखीच गप्प. हातमोजे नाहीत, बोटं निळी पडलेली. तिच्यापुढं कंदील धरला आणि तोंडातून निघून गेलं, "हात शेका."

झटकन वळली. माझ्याकडे बघतच राहिली. मी कंदील तिच्या हातात कोंबला आणि बस गाठली.

११ मार्च

बर्फ. नुसतं बर्फ. कुणाचा फोन नाही. मी फाटकाशी गेलो होतो हे बाहेर फुटलं असेल तर फुटलं. दुसऱ्यांदा वाचायला मिळालं नाही, तर ते वाक्य जन्मभर तसंच राहणार. झोपाळू.

१३ मार्च

आत्ता बेल वाजली. डार्काशिवाय माझ्याकडे येतं कोण? दार उघडलं, तर तीच. फाटकाशी गप्प उभी असलेली. एका हातात माझा कंदील, दुसऱ्यात कागद.

"मॅडलीनकडून पत्ता घेतला. गेमचा तो शेवट मीच लिहिला होता," म्हणाली. "लोक काय म्हणतात ते ऐकायला तोंड लपवून आले होते. कंपनीनं अजून हो म्हटलेलं नाही, पण मी नवा लिहिलाय. तुमच्या आवाजात ऐकल्याशिवाय मला कळणार नाही तो खरा आहे का. या वेळी आधी गोष्ट सांगते. सगळी."

उंबऱ्यात थरथरत होती. हातमोजे आजही नाहीत.

"आलात?" मी म्हणालो. "या."