बोटाची पारख

बंगळूर,
रविवार, दि. ११ फेब्रुवारी १९६२

ती. स्व. अक्का हिस,
आप्पाजीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

संक्रांतीला तुझ्याकडे निपाणीला येऊन परतलो, त्याला तीन आठवडे झाले. पत्राला उशीर झाला, हे कबूल. तिळाच्या वड्या प्रयोगशाळेत वाटल्या. आमचे मुख्य भीमाचार्य सर गोड खात नाहीत, त्यांनी दोन खाल्ल्या.

तू विचारलं होतंस की तुमच्याकडे नेमकं करतात काय. पाव फुगवायला यीस्ट घालतात ना, त्याच्या पेशींतून आर.एन.ए. नावाचा पदार्थ वेगळा काढतात. तो मण्यांच्या माळेसारखा लांब असतो. माळ अखंड हाती आली तर तिचा उपयोग, तुटली की नुसते मणी कुणाला हवेत? इथल्या शिवाजीनगरच्या बेकरीतून यीस्ट मीच सायकलवर बर्फात घालून आणतो. आणि काच मी धुतो. एक दिवस आम्लात, सात वेळा नळाच्या पाण्यात, तीन वेळा शुद्ध पाण्यात, मग भट्टीत वाळवणं. एवढं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते असं, की शेवटी प्रत्येक नळीच्या तोंडातून मी उघडं बोट फिरवतो. कुईं वाजलं तर स्वच्छ, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला हे कोण शिकवणार? बावीस वर्षांत माझं मीच शिकलो.

आता एक वाईट बातमी. अलका म्हणून पुण्याकडची एक मुलगी इथे संशोधन करते. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर, घर मल्लेश्वरमला. मला अण्णा म्हणते. हिची माळ दर खेपेला तुटते. चौदा महिने हेच. फक्त संक्रांतीच्या आठवड्यात एकदा अखंड निघाली, पुन्हा नाही. त्या एका खेपेचे आकडे तिने पदरचे घातले, असा सरांना संशय. गुरुवारी त्यांनी मला बोलावून विचारलं की काचेत दोष असेल का. मी म्हणालो, काच माझ्या हातची आहे, शेजारच्या टेबलावरच्या उमाकांतांचं प्रथिनांचं काम याच काचेत सुरळीत चालतं. मुलीचा हात अस्थिर आहे, बोलत बोलत काम करते. सरांनी मान हलवली. ३१ मार्चला तिची शिष्यवृत्ती बंद. जागा गेली तर वडील पुण्याच्या एका स्थळाला होकार देणार. तिला लग्न नको, काम हवंय.

वाईट वाटलं. तिची काळजी म्हणून तर तिच्या नळ्या मी दोन-दोनदा तपासत होतो. पण साहेबाने विचारल्यावर खरं ते सांगावंच लागतं.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझा
आप्पाजी


निपाणी,
दि. १९ फेब्रुवारी १९६२

चि. आप्पाजीस,
कस्तुरअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय. गुडघा आहे तिथेच आहे. तंबाखूचा हंगाम चालू, गावभर शिंका. शेजारची चंद्राबाई तुझी आठवण काढते. तू आल्यावर तिच्या घरचा तांब्या बोट घालून तपासलास आणि नापास केलास, ते ती अजून सगळ्यांना सांगते. माझी तर अख्खी मांडणी नापास केली होतीस.

मला तुझं शास्त्र कळत नाही, माळेचं तेवढं कळलं. पण एक विचारू का? संक्रांतीच्या आठवड्यात तर तू माझ्याकडे पोळ्या खात होतास. मग तिकडे नळ्या कोणी धुतल्या? तू नसताना त्या पोरीचं जमलं आणि तू आल्यावर बिनसलं, असं दिसतंय बाबा. नजर-बिजर लागते का तुझी? थट्टा करते हं, रागावू नकोस.

आणि हात अस्थिर म्हणालास, ते बरं केलं नाहीस. तुला बाराखडी मी शिकवली तेव्हा तुझा हात कसा होता ते मला ठाऊक आहे. सहा महिने तुझा 'क' पाटीवर आडवा पडत होता. मी कुणाला सांगायला गेले नाही.

जेवणाची हयगय करू नये. आशीर्वाद आहेतच.

तुझी
अक्का


बंगळूर,
रविवार, दि. ४ मार्च १९६२

ती. स्व. अक्का,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला राग आला. उत्तर लिहिलं आणि फाडलं. त्यात मी लिहिलं होतं की माझ्या गैरहजेरीत हरीने धुतलं, हा नवा गडी घाईघाईने विसळतो, भट्टीत घालतो आणि तसंच उचलून देतो, बोट लावायचं त्याला सुचतही नाही. हे वाक्य लिहिलं आणि पुढे लिहवेना.

त्यानंतर सोमवारी बोटीने मासिकं आली. शिक्का मारून नोंद मीच करतो, आणि शब्दकोश घेऊन जमेल तेवढं वाचतो, हे तुला माहीत आहे. एका अमेरिकन मासिकात दीड पानाचं टिपण होतं. माणसाच्या बोटांवर असा एक पदार्थ असतो, जो आर.एन.ए.ची माळ तोडतो. नुसतं बोट पाण्यात बुडवलं तरी तो पाण्यात उतरतो. उकळूनही सहसा मरत नाही. एकेक शब्द मी कोशात तीनदा पाहिला. चुकून दुसरा अर्थ निघावा, एवढीच इच्छा.

मग करून पाहिलं. कपाटात विकत आणलेलं आर.एन.ए. होतं, ते दोन नळ्यांत सारखं घेतलं. एकीत बोट लावलेलं पाणी, एकीत न लावलेलं. तासभर कोमट ठेवून दोन्हींत आम्ल घातलं. न लावलेली दुधासारखी पांढरी झाली, म्हणजे माळ शाबूत. लावलेली काचेसारखी स्वच्छ. चार वेळा केलं. चारही वेळा तेच.

प्रथिनांना याने काही होत नाही, म्हणून उमाकांतांचं चालत राहिलं. तिच्या नळ्या मी दोनदा तपासत होतो, अक्का. तिच्या म्हणून दोनदा.

आता खरी गोष्ट. तो अंक मी वाचनकक्षात ठेवला नाही. जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात घालून काल शिवाजीनगरच्या बाइंडरकडे देऊन आलो. महिनाभर तरी येणार नाही. तोवर मार्च संपेल. काच आता मी बोट न लावता देतो, म्हणजे पुढचं नुकसान थांबलं. बावीस वर्षं नव्या पोरांना माझ्याकडे पाठवून सर सांगतात की काच कशी धुवावी ते अण्णांकडून शिका. त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? तू तरी हे कुणाला सांगू नकोस.

लोभ मागायचा धीर आज होत नाही.

आप्पाजी


निपाणी,
दि. ९ मार्च १९६२

चि. आप्पाजीस आशीर्वाद.

कुणाला सांगत नाही. सांगणारी मी कोण, तुझं तू सांगायचं आहे.

बोटाचं तुला माहीत नव्हतं. त्याला चूक म्हणतात, ती कुणाच्याही हातून होते. बाइंडरकडे गेलास तेव्हा तुला सगळं माहीत होतं. त्याला काय म्हणतात ते तुझ्या शब्दकोशात बघ.

पोरीचं अजून काही बिघडलं नसेल तर ताबडतोब जा. बिघडलं असेल तरी जा. हे पत्र हाती पडेल त्या दिवशी जेवायच्या आधी उठ. नंतर मला कळव. तोवर मी लिहिणार नाही.

अक्का


बंगळूर,
सोमवार, दि. १९ मार्च १९६२

ती. स्व. अक्का,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी, तेरा तारखेला, सकाळी पावलं. न जेवता निघालो. बाइंडरने अंक अजून उसवला नव्हता. कन्नडमध्ये म्हणाला, स्वल्प थांबा, गठ्ठा काढतो. तो वीस मिनिटं शोधत होता आणि मी मनात म्हणत होतो की न सापडो. सापडला.

दुपारी सरांच्या खोलीत सगळ्यांना बोलवा म्हणालो. टिपण वाचून दाखवलं आणि माझ्या चार खेपा क्रमाने सांगितल्या. संक्रांतीला मी इथे नव्हतो, त्या आठवड्यातल्या नळ्यांना माझं बोट लागलेलं नाही, तेव्हा अलकाताईंचे ते आकडे खरे आहेत, हेही सांगितलं. अंक कुठे होता तेही. सर बराच वेळ टिपणच वाचत राहिले. मग म्हणाले की शिष्यवृत्ती वर्षभर वाढवायला आजच लिहितो.

मग अलका बोलली. तिने विचारलं की सरांना तुम्ही माझ्याबद्दल नेमकं काय सांगितलं होतं. मी सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं, सगळ्यांसमोर, त्याच शब्दांत. मग म्हणाली की बोटाचं जगात कुणाला ठाऊक नव्हतं, त्याचा मला राग नाही. पण तुम्ही तीन तारखेला अंक लपवलात आणि सात तारखेला बाबांनी पुण्याला होकार कळवला. मधले चार दिवस कुणाचे? मी म्हणालो, माझे. ती आपल्या टेबलाकडे गेली. आता ती आपल्या नळ्या चिमट्याने धरून स्वतः धुते. नीट धुते.

मी तिला विचारलं की तुमच्या वडिलांकडे येऊन सांगू का. ती म्हणाली, या, पण माझी बाजू घेऊ नका, फक्त काय झालं ते सांगा. काल रविवारी मल्लेश्वरमला गेलो. वडील सभ्य माणूस. खुर्ची दिली, कॉफी दिली. सगळं ऐकून घेतलं, दोनदा मुलीकडे पाहिलं. मग म्हणाले की मुलीला वर्ष मिळालं असेल तर मी आड येणार नाही, पण दिलेला शब्द मोडायचा तर पुण्याच्या मंडळींना कारण लिहावं लागेल. मी म्हणालो, माझं नाव लिहा. त्यांनी तिथेच कागद घेतला आणि लिहून मला वाचून दाखवलं. मजकूर असा होता, की प्रयोगशाळेत भांडी घासणाऱ्या गड्याच्या हलगर्जीपणामुळे मुलीच्या कामाबद्दल गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला असून तिला काम पुढे चालवायचे आहे.

अक्का, मी भांडी घासणारा गडी नाही. माझ्या नेमणुकीच्या कागदावर प्रयोगशाळा सहाय्यक असं छापलेलं आहे. मनिऑर्डर आणणारा पोस्टमन शिपाई म्हणाला तरी मी त्याला उभं करून दुरुस्त करतो. हलगर्जीपणा तर माझ्या हातून कधी झालाच नाही, झालं ते फाजील काळजीने. एका ओळीत दोन चुका. काही बदलायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. अलका दारात उभी होती.

मी म्हणालो, बरोबर आहे.

पाकिटावर तिकीट मीच लावलं, आणि जाता जाता पेटीत टाकतो म्हणून मागून घेतलं. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकून मग सायकल काढली.

आता तू लिहिशील ना? चार ओळी पुरेत.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारा,
आप्पाजी