सुमनचा न सुटणारा उपास

२८ मार्च
सत्ताविसावा रोजा. सुमननं धरला, दरवर्षीसारखाच. शेजारच्या शमीमभाभी आमच्या महालक्ष्म्यांना नैवेद्य होईस्तोवर उपाशी राहतात, तर हिनं त्यांचा हा एक रोजा धरायचा. लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हापासून चालू आहे. म्हटलं, औंदा राहू दे वं, डॉ.नी डोक्याचं सांगितलं, औषधं उपाशीपोटी चालत नाहीत. म्हणे, "डोक्याचं सांगतलं ना? पोटाचं तर नाही." आता यात विसर कुठं दिसते?
संध्याकाळी भाभींच्या ओट्यावर खजूर खाऊन सोडला.

३० मार्च
पाडवा. गुढी मीच उभारली. पुरणपोळी केली, जमेल तशी. सुमन तिला शिवली नाही. "मले रोजा आहे." कालही हेच. परवाच सुटला म्हटलं तर माझ्याकडं असं पाहिलं की मीच खोटारडा.

३१ मार्च
ईद. भाभींकडं दोन वाट्या शिरखुर्मा खाल्ला. जीव भांड्यात पडला.

१२ मे
पडला कुठचा. रोज उपास. आज एकादशी, उद्या चतुर्थी, परवा रोजा. बाकी सगळं पुसत चाललं, पोराचं नाव अडते, पण उपास एक नाही विसरत. ब्लाउज अंगात राहत नाही आता.
भाभींनी तोड काढली. "भाईसाब, सुबह उठके बोल दो, आज ईद है. आज दिवाली है. त्योहार के दिन कौन भूखा रहता?"
"रोज खोटं बोलू?"
"गुनाह मेरे सर."
मे महिन्यात पणत्या लावल्या. मागच्या सोमवारी नाताळ केला. जेवते. आज बुद्धपौर्णिमा, समोरच्या गजभियेंकडून खीर आली. आजचा सण तरी खरा. बरं वाटलं.

२३ ऑगस्ट
मारबत. गर्दीत नेऊ नको म्हणत होता पोरगा, अवि, पुण्याहून फोनवर. नेलं. पिवळी मारबत पुढून गेली, गावाबाहेर जाळायला नेत होते तिचा पुतळा, लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. इतकी वर्षं पाहिली, मी कधी ओरडलो नव्हतो. आज ओरडलो. "विसर घेऊन जा गे मारबत." घसा बसला.
सुमन म्हणे, "कोणाले झाला विसर?"
म्हटलं, मले.
माझ्या पाठीवरून हात फिरवला तिनं. घरी येऊन जेवली नाही.

२१ सप्टेंबर
स्मृतिभ्रंश दिन. धरमपेठेत एका हॉलमध्ये कार्यक्रम. जांभळी फीत टोचली दोघांना. पडद्यावर मेंदूची चित्रं. "लवकर ओळखा, लवकर उपचार." आम्ही लवकरच ओळखलं होतं. पुढं काय, ते कोणी बोललं नाही.
सुमननं विचारलं, "हा कोणता सण?"
"नवा आहे."
"याले उपास असते का?"
"नसते."
मंग खाल्ला समोसा. आख्खा.

२ ऑक्टोबर
दसरा. सकाळी दीक्षाभूमीच्या रस्त्याला लागलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पोरंबाळं, डोक्यावर गाठोडी. रस्त्याच्या कडेला जेवण वाढत होते. एका बाईनं सुमनच्या हातात पत्रावळ दिली. "घ्या माय, लांबून आल्या असान."
सुमन म्हणे, "लय लांबून आली."
उभ्यानं खाल्लं. भात, वरण, पुन्हा भात. मी मागं सरकलो, झाडाआड. मला पाहिलं की तिला उपास आठवतो की काय, अशी भीती.

३ ऑक्टोबर
घरी केला तसाच भात, तसंच वरण, तशीच पत्रावळ. नाही.

१५ ऑक्टोबर
पेपरात कोपऱ्यात छापून येते, आज अमका दिन. नव्या सणांचे उपास तिला ठाऊक नाहीत, म्हणून हेच दिवस सण म्हणून सांगायचं धरलं होतं. चार दिवस चाललं. आज हात धुण्याचा दिवस. धुतले आम्ही दोघांनी, साबण लावून, हसलो पण. ताटावर बसली अन् म्हणे, "आता सगळ्याचेच उपास असते, जी."
संपलं हेही.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. काही लिहावंसं वाटत नाही.

२५ डिसेंबर
केक आणला भाभींनी. सुमननं तोंड फिरवलं. भाभी मग खजूर घेऊन बसल्या. "सुमनबाई, सूरज डूब गया, खोलो." नाही. भाभी फाटकाशी जाऊन रडल्या, मी पाहिलं नाही असं दाखवलं.
आज खरा सण होता. खऱ्यानं होत नाही, खोट्यानं होत नाही. इतके देव, इतक्यांची लेकरं उपाशी राहतात त्यांच्यासाठी, अन् यातल्या एकाला म्हणता येत नाही की बाई, पावलो, जेव आता.
डॉ. म्हणतात, नाकातून नळी. अविनं अशा पेशंटांचं केंद्र पाहून ठेवलं, तिथं नर्स असते. "बाबा, तुमच्यानं आता होत नाही."
"होते माह्यानं."
"ती जेवून राहिली का?"
फोन ठेवला मी. संक्रांतीला गाडी घेऊन येतो म्हणाला, तिला न्यायला.

१४ जानेवारी
सकाळपासून माझ्याही पोटात काही नाही. मुद्दाम नाही, गेलंच नाही. तिचं लुगडं बदललं, वेणी घातली. वाटीत तिळगूळ घेऊन समोर बसलो. आज कोणता सण ते सांगितलं नाही. थकलो सांगून.
बराच वेळ पाहत होती. मग म्हणे, "भाऊ, तोंड सुकलं तुमचं. उपास आहे काय?"
भाऊ म्हणाली मला.
म्हटलं, "आहे."
"काहून धरला?"
"घरी बायकोले बरं नाही."
"मंग सोडा आता. दिवस बुडला."
भर दुपार होती. वाटीतला लाडू तिनंच मोडला, अर्धा माझ्या तोंडात घातला. खाल्ला. उरलेला अर्धा मी तिच्या ओठांशी धरला. तसाच धरून आहे, उजव्या हातानं हे लिहून राहिलो. गल्लीत गाडी लागल्याचा आवाज आला, अविच असेल.
ओठ उघडले नाहीत. पण तोंडही फिरवलं नाही अजून.