पिसं कोणी खाल्ली?

मंगळवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

कोंबडीची पिसं माझ्या जिवाणूंनी खाल्लीच नव्हती. वाफेनं खाल्ली. लॅबमधले सगळे वासावरून नाकं मुरडायचे, म्हणून मी जिवाणूंना द्यायची पिसं दोन-दोनदा वाफेवर शिजवत राहिले. तुलनेसाठी ठेवलेली मात्र एकदाच. गेल्या आठवड्यात दोन्ही सारखीच, दोन-दोनदा शिजवली, आणि आज पाहते तर जिवाणू न घातलेल्या फ्लास्कमध्येही तसाच लगदा. वर्षभराचं काम. इतकं साधं मला कसं सुचलं नाही? उद्या सरांना सांगायचं. कसं, देव जाणे.

येताना बनशंकरीच्या चिकनवाल्या अण्णांकडे थांबले. ते माझ्यासाठी पिसं बाजूला काढून ठेवतात आणि दर वेळी विचारतात, "ऊटा आयता, अक्का, तुमच्या किड्यांचं?" जेवण झालं का म्हणून, त्यांच्या कन्नडमध्ये. मी म्हटलं, "स्वल्प." खोटंच. थोडंसुद्धा झालेलं नाही. ते इतके खूश झाले की आज एकाऐवजी दोन पिशव्या दिल्या.

दोन्ही घेऊन आले. पिशव्या दाराशी आहेत, घरभर वास. या वेळी एकदाच शिजवीन. मुरडू देत नाकं.