अर्ज मागे घेऊ नकोस

प्रिय ठमे,

रविवारी फोन ठेवलास तेव्हा तू रागावली होतीस की नाही, मला कळलं नाही. तुझ्या आवाजावरून ते कधीच कळत नाही आणि आता या वयात मी ते शिकेन असंही वाटत नाही. म्हणून लिहायला बसले. लिहिलेलं तुला बरं पडतं.

तुझा अर्ज मी पुन्हा वाचला. केवढासा तो! टेबल दारापासून लांब, भिंतीकडे हवं. काचपट्ट्या तपासताना आवाज अडवणारे हेडफोन लावू द्या. आणि काम बदललं तर मागून येऊन खांदा हलवू नका, चिठ्ठीवर लिहून द्या. एवढ्यासाठी तुझ्या लॅबच्या मॅडमनी तीन आठवडे घेतले आणि वर म्हणाल्या, ‘आज तुला दिलं तर उद्या सगळेच मागतील.’ मागू देत की! आता म्हणे सोमवारपर्यंत अर्ज मागे घे, नाहीतर त्याच दिवशी मोठ्या साहेबांसमोर ये; मग नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही.

तूच मला एकदा सांगितलं होतंस, की सूक्ष्मदर्शकापाशी बसलं की प्रत्येकजण आधी त्याच्या दोन नळ्या आपापल्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे सरकवतो. त्या मॅडमसुद्धा सरकवत असतील. तेव्हा कुणी म्हणतं का, नियम सगळ्यांना सारखे, नळ्यांना हात लावू नका?

तू पाठवलेली लॅबची नियमावली मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला कलमं म्हणजे दगड फोडणं, पण फोडली. त्यात ‘वाजवी सोय’ असा शब्द आहे. ‘मेहरबानी’ हा शब्द कुठेही नाही. मी दोनदा शोधला.

तुझ्या बाबांचं एक सांगायचंय. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. बसडेपोत त्यांच्यासारखा मेकॅनिक नव्हता, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचे. पण त्यांचा फोरमन सकाळी शेडच्या मधोमध उभा राहून सगळ्यांची कामं एका दमात ओरडून सांगायचा. पोरं त्याला भोंगा म्हणत. चारपाच इंजिनं सुरू आणि त्यात हा. बाबांच्या डोक्यात पहिलं वाक्य राहायचं, पुढची सगळी एकमेकांवर आपटून फुटायची. एके दिवशी भोंग्याने त्यांना आधी चार नंबरची गाडी सांगितली, मग सातवर फिरवलं. बाबांनी चार नंबरच्या धडधाकट गाडीचा गिअरबॉक्स दुपारपर्यंत अख्खा खोलला आणि नटबोल्ट चढत्या मापाने फडक्यावर मांडून ठेवले. शेडभर हसू. ‘काय हो, चांगल्या माणसाचं पोट फाडलंत!’ संध्याकाळपर्यंत त्यांनी तो एकट्याने पुन्हा जोडला आणि गाडी आधीपेक्षा गोड चालायला लागली, हे मात्र कुणी सांगत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर हात धुता धुता ते मला म्हणाले, ‘अगं, भोंग्याला सांगून बघू का, माझं काम तेवढं फळ्यावर लिही म्हणून?’ फळा होता ना शेडमध्ये. लोक त्याच्यावर ओली फडकी वाळत टाकायचे. आणि मी काय म्हणाले? ‘काही नको. डोक्याने अधू आहे म्हणतील. जमवून घ्या.’

ते ‘बरं’ म्हणाले आणि त्यांनी जमवून घेतलं. अकरा वर्षं. रोज तासभर आधी जाऊन आदल्या दिवशीच्या तक्रारी वाचायचे आणि आज आपल्याला कोणती गाडी येईल याचा अंदाज बांधून ठेवायचे. घरी आले की गप्प बसून राहायचे. मला वाटायचं, माणूस अबोल आहे. अबोल नव्हता गं, दमलेला होता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. रडायचं तेवढं मी रडले. आता ते दुःख खोलीतल्या मोठ्या कपाटासारखं झालंय, त्याला वळसा घालून मी माझी कामं करते. पण त्या एका वाक्याला मला वळसा घालता येत नाही.

आणि रविवारी फोनवर मी तेच वाक्य तुला ऐकवलं. ‘जमवून घे बाई, अर्ज मागे घे.’ तू फक्त ‘बरं’ म्हणालीस, अगदी त्यांच्यासारखं, आणि फोन ठेवलास. त्या ‘बरं’साठी हे पत्र. माझं वाक्य मी परत घेते. तू अर्ज मागे घेऊ नकोस. घेऊन झाला असेल तर पुन्हा दे. नोकरी गेली तर गेली, दोघी मिळून दुसरी शोधू. अंदाज बांधत जगायला मी काही तुला वाढवली नाही. नियमावलीच्या नवव्या पानावर लिहिलंय, साहेबांसमोर जाताना सोबत एक माणूस आणता येतो. मी माझ्या कारखान्यातून सोमवारची रजा घेतली आहे. मशीनवरच्या बायका म्हणाल्या, जा आणि भांडून ये. पण बोलायचं तुझं तू, हवं तर कागदावरून वाचून दाखव. मी शेजारच्या खुर्चीत बसेन. आणि ‘जमवून घ्या’ असं कुणी म्हणालंच, तर मी त्याच्याकडे नुसती बघेन. माझं बघणं तुला माहीत आहे.

तुझीच, आणि यापुढे तुझ्याच बाजूची,
आई