आखूड पात्याची नाव

४ फेब्रुवारी, रविवार
तलाव आणखी आटला. चितेगावच्या अलीकडच्या या तलावावर मी आणि रफीकभाई बारा वर्षं दर रविवारी रिमोटवरच्या शिडाच्या छोट्या नावा पळवतोय, पण बांधाच्या तळाचे दगड आज पहिल्यांदा पाहिले. माझी नाव तीनदा गाळात अडकली. नावेच्या पोटाखाली उभं पातं, त्याच्या टोकाला शिशाचा गोळा, तेच रुततंय. रफीकभाई जिंकले. नेहमीचंच. बारा वर्षांत मी एकदाही… जाऊ दे.
परतताना म्हणाले, "सुदामभाऊ, दुकान देऊन टाकलं. मार्चमधे बेटीकडं, हैदराबादला. हौ, पक्कं." शहागंजातलं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान! मी नुसता हं म्हणालो.

११ फेब्रुवारी, रविवार
वारा नाही, म्हणून शर्यत नाही. जाण्याआधी एकदा तरी हरवायचं त्यांना. दुपारी पातं चार बोटं कापलं, शिसं वर सरकवून पुन्हा बसवलं. आता रुतायचं कारण नाही. ही म्हणाली, "मापून कापलं का?" म्हटलं, अंदाज आहे. कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. तिथं कुणी 'अंदाज' म्हणाला असता तर मीच झापलं असतं.
ते पातं रफीकभाईंनीच घासून दिलेलं. शिसं दोघांनी मिळून ओतलं होतं. पंक्चरवाल्याकडून चाकाच्या बॅलन्सिंगचे तुकडे गोळा केले, दुकानामागं स्टोव्हवर वितळवले. धुरानं दोघांचे डोळे लाल आणि शेजारचा अत्तरवाला बोंबलतोय, माझं गिऱ्हाईक पळालं म्हणून. किती हसलो होतो.

१८ फेब्रुवारी, रविवार
नाव रुतली नाही. मी खूश. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि नावबाई आडवी झाली ती उठायचं नाव घेईना. शीड पाण्यावर पसरलेलं, सुकाणू हवेत. रिमोट दाबून काय उपयोग! वजन खोल होतं म्हणून ती सरळ उभी राहायची. एवढं मला कळू नये?
रफीकभाई काठावर आले. "पातं कापलं?" हो म्हटलं. डोळ्यांवर हात धरून आडवी नाव न्याहाळली. मला वाटलं, चिडले. मग म्हणाले, "मियाँ, आधा काम किया तुमने. पातं आखूड केलं तर शीड पण आखूड पाहिजे." स्वतः हरेल अशी युक्ती सांगतोय हा माणूस. लाज वाटली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
शहागंज. दुकान निम्मं रिकामं, भिंतीवर रेडिओंच्या जागी चौकोनी डाग. तिथंच बसून माझं शीड कापलं. आधी वर्तमानपत्राचा कागद लावून, दोनदा मापून. कात्री त्यांनी चालवली, कापड मी धरलं. त्यांनी जाऊ नये असं फार वाटतं. सांगायचं होतं. चहावरच बोलणं झालं.

४ मार्च, रविवार
शेवटची शर्यत. पाण्यात तेलाचा रिकामा डबा तरंगत ठेवलेला. त्याला वळसा घालून परत काठाला यायचं. वळशापर्यंत बरोबरीत. परतताना त्यांची नाव थांबली. रुतली! माझी पुढं गेली… हातभर. मग तीही रुतली. काठ तीस पावलांवर.
चप्पल काढली, तर मेंढ्यांना पाणी पाजायला आलेली धनगरीण ओरडली, "आत जाऊ नगा ओ! काल म्हस फसली हितं!" बसून राहिलो. त्यांची चारची गाडी.
म्हटलं, "मी पुढं आहे." तर म्हणतात, "काठ कुठं लागला? शर्यत पुरी नाही झाली." हात हातात घेऊन खूप वेळ उभे होते. गेले.
घरी येऊन रडलो.

१८ मार्च, रविवार
गाळ वाळला, चालत गेलो. नावा होत्या तशाच उभ्या. उचलण्याआधी दोन्ही जागी बाभळीच्या खुंट्या ठोकल्या. पाणी आलं की तिथूनच पुढं सुरू करायचं. फोनवर सांगितलं तर खदखदून हसले. "बराबर. पण माझी खुंटी मागं सरकवायची नाही हां!"

८ एप्रिल, रविवार
तलावात मुरुमाचे ढीग. आमच्या खुंट्यांवरून चुन्याची रेघ गेलीय. टेप धरून उभा होता तो म्हणाला, "सरका जरा काका. हा अठरा नंबरचा प्लॉट." म्हटलं, अहो, इथं पाणी असतं. "व्हतं. आता भराव पडतोय." मग खुंट्यांकडं बघून, "ह्या कुणी ठोकल्या?" आम्ही, म्हणालो. "मग तुमचा कोणता नंबर?"
संध्याकाळी रफीकभाईंचा फोन. हे सांगायला तोंड उघडलं, तर त्यांचंच सुरू. नवीन शीड शिवतायत. बेटीच्या मशिनवर, पुऱ्या मापाचं, तिसऱ्यांदा उसवून. "पहिला पाऊस पडला की गाडीत बसतो. अबकी बार देखो तुम!"
मी म्हटलं, या.